सावित्रीच्या काठी राजधर्माचा विचार



सावित्री आणि गांधारी यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या महाड नगरीत, रायगडाच्या छायेत, आपण प्रवासाचे कष्ट सोसून आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

प्राचीन राजधर्मातील विधी, शकुन आणि दंडनीती हा या परिषदेचा विषय निघाला, की पुराचे पाणी पाहिलेल्या आम्हां महाडकरांना प्रथम आठवते ते कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातील दैवी आपत्तींचे प्रकरण. कारण अग्नी, पूर, रोगराई, दुर्भिक्ष, उंदीर, श्वापदे, सर्प आणि राक्षस अशी आठ महाभये सांगणारा आचार्य कौटिल्य पर्वकाळी नदीची पूजा करावयास सांगतोच, परंतु वर्षाकाळी काठच्या ग्रामस्थांनी पुराच्या वाटेपासून दूर राहावे, फळ्या, वेळू व नावा जवळ बाळगाव्यात, आणि नाव असूनही बुडणाऱ्याच्या मदतीस जो धावणार नाही त्यास बारा पणांचा दंड करावा, अशी ताकीदही त्याच ओघात देतो. पूजा आणि नाव यांत त्याला विरोध दिसला नाही. त्याने सांगितलेल्या राजपुरोहितालाही वेदांगांसह वेद, दैव आणि निमित्ते यांच्या जोडीने दंडनीती अवगत असावी लागे. नुसता शकुन सांगून त्याची सुटका होत नसे, येणाऱ्या आपत्तीवरचा उपायही त्यानेच करावयाचा असे.

विधी आणि दंड यांचा असाच मेळ राजाच्या अभिषेकाच्या राजसूय यज्ञातही दिसतो. त्यात अध्वर्यू हे ऋत्विज राजाच्या पाठीवर काठीने हलकेच प्रहार करीत. राजा दंडाच्या पलीकडे जावा म्हणून हा विधी, असे शतपथ ब्राह्मण म्हणते; मला मात्र त्यात, उद्या ज्याच्या हाती दंड येणार त्याच्या पाठीला आज त्याचा स्पर्श घडविला, हेच अधिक मोलाचे वाटते.

या परंपरेचा शेजार आम्हांस नित्य आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, महाराजांच्या मातोश्री जिजाऊसाहेब निवर्तल्या. तंत्रमार्गी निश्चलपुरी गोसाव्यांनी असल्या घटना अपशकुन मानल्या, आणि २४ सप्टेंबरला महाराजांनी तांत्रिक विधीने पुन्हा अभिषेक करविला. पण याच कारकिर्दीत अष्टप्रधानांची कामे वाटून दिली गेली आणि दफ्तरातील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, हे ज्यांना त्या दुसऱ्या अभिषेकात केवळ भाबडेपणा दिसतो त्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

उद्या गडावर जाताना वाटेत पाचाड लागेल. तेथे जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी आपण सर्वांनी घटकाभर थांबावे, अशी माझी विनंती आहे.