नकाशाबाहेरची वाट

१९१६ च्या मे महिन्यांत शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन दक्षिण जॉर्जिया बेटाच्या निर्जन किनाऱ्यावरून निघाले. देवमाशांच्या शिकाऱ्यांचें ठाणें पलीकडच्या बाजूस. मधल्या हिमपर्वतांचा नकाशाच नव्हता. मागें एलिफंट बेटावर २२ सोबती वाट पाहात होते. तंबू नाहीं, अंथरूण नाहीं; ५० फूट दोर, सुताराचा वाकस आणि तळव्यांस मळसूत्री खिळे बसविलेले बूट, यांवर भिस्त! उंच कड्यावर अंधार गांठणार असें दिसतांच दोराच्या वेटोळ्यावर बसून तिघेही खालीं घसरले.

पहांटे दोघांचा डोळा लागला. त्या थंडींत झोप म्हणजे मरणच. शॅकल्टननें त्यांस पांच मिनिटांनीं उठविलें व अर्धा तास झाला म्हणून सांगितलें. असल्या असत्यास पाप कोण म्हणेल? सुमारें ३६ तासांच्या चालीनंतर, २० मे रोजीं, ते ठाण्यावर पोंचले. बेटावरील २२ जणांची सुटका मात्र ३० ऑगस्टलाच झाली. त्यांतील एकही दगावला नव्हता.