गोळी सोसत नाही तेव्हा

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी होतं; देशात हा आकडा ५७ टक्के. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे, तरी त्याच सर्वेक्षणात देशभरात गरोदरपणी पुरे १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया २६ टक्केच भरल्या. काहींच्या हाती गोळ्या पोचल्याच नसतील. पण ज्यांच्या हाती पोचल्या आणि ज्यांनी त्या अर्ध्यावर सोडल्या, त्यांच्याबद्दल आरोग्य केंद्रापासून घरच्या ओट्यापर्यंत एकच शेरा ऐकू येतो : काळजीच घेत नाहीत. हा शेरा अन्यायाचा आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या चुकीचाही आहे, असं मी आज मांडणार आहे. ‘गोळी सोसत नाही’ हे बाईचं सांगणं निदानाइतकंच गांभीर्यानं ऐकावं आणि त्यावरून उपचार बदलावा, एवढाच माझा मुद्दा आहे.

गोळी का सोसत नाही, याला कारण आहे. नेहमीच्या फेरस सल्फेटनं मळमळतं, पोटात ढवळतं, शौचाला खडा होतो. २०१५ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत या गोळीनं पोटाच्या तक्रारी होण्याचा संभव दुपटीहून जास्त दिसला. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत. गोळीतल्या साठ मिलिग्रॅम लोहातला थोडाच भाग रक्तात जातो; उरलेलं लोह मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे त्रास देतं. शिवाय एक मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते साधारण दिवसभर लोहाची वाट अडवून धरतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या बंद दारावर आपटते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या तरुणींवर हे मोजलं : रोज गोळी घेणाऱ्यांनी प्रत्येक मात्रेतलं सुमारे १६ टक्के लोह शोषलं, तर एक दिवसाआड घेणाऱ्यांनी सुमारे २२ टक्के. कुणी म्हणेल, गोळ्या निम्म्या झाल्या तर लोहही कमीच पोचणार. दिवसांच्या हिशेबानं ते खरंच आहे, वेग मंदावतो. म्हणून प्रसूती जवळ आलेल्या किंवा हिमोग्लोबिन फारच खाली गेलेल्या स्त्रीला हा मार्ग पुरणार नाही. पण पंधरा दिवसांत सोडून दिलेल्या रोजच्या गोळीपेक्षा तीन-चार महिने टिकलेली दिवसाआडची गोळी निश्चित बरी. मात्रा घटवणं, क्षार बदलणं, लोह थोडं कमी शोषलं जाईल हे पत्करून जेवणासोबत गोळी घेणं, या तडजोडी डॉक्टरांनी आपणहून पुढे कराव्यात. बाईनं भीत भीत विचारण्याची वाट पाहू नये.

दुसरा आक्षेप थकव्यावरच असतो. दमतं कोण नाही? घर, नोकरी, मुलं, आजारी सासू, मग थकवा येणारच, तो अंगावर काढायचा. पण लोह केवळ रक्ताला लागत नाही. स्नायूंना आणि पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही ते लागतं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या स्त्रियांना लोह दिल्यावर त्यांची पानं खुडण्याची क्षमता आणि एकूण हालचाल वाढल्याचं १९७९ मध्ये दिसलं. पगार, मळा, घर सगळं तेच होतं. फ्रान्समधली, २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तर अशा स्त्रियांवर होती, ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन, म्हणजे साठवणीचं लोह, कमी होतं. बारा आठवड्यांत लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास ४८ टक्क्यांनी उतरला, तर खोटी गोळी घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. हा दुसरा आकडाही लपवू नये. थकव्याचा काही भाग लक्ष मिळाल्यानं, वेळ गेल्यानं ओसरतो. पण उरलेला फरक लोहाचा आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलेल्या बाईचं फेरिटिन पाहिलं होतं का, हे विचारलंच पाहिजे.

मग आहारानंच भागवावं, असं सुचवलं जातं. बीट आणि गूळ यांवर आपल्याकडे फार भिस्त आहे. बिटाचा लाल रंग रक्ताची आठवण करून देतो, पण त्यात लोह अगदी थोडं. बाजरीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये महाराष्ट्रात आलेल्या ‘धनशक्ती’ या लोहसमृद्ध वाणाच्या भाकऱ्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलामुलींना दिल्या गेल्या, आणि चार महिन्यांत साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांचा लोहसाठा अधिक सुधारला. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलणं, लोखंडी कढईत आंबट आमटी करणं, पालेभाजीवर लिंबू पिळणं, हे सगळं उपयोगी आहे. पण रिकामा झालेला साठा यानं लवकर भरत नाही. दर पाळीला रक्त जास्त जात असेल तर कधीच भरत नाही. तिथे आधी पाळीवर उपचार हवा.

आणि मुळात कमतरता लोहाचीच आहे ना? मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ नंतर संशोधिका लूसी विल्स गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांचा पांडुरोग तपासत होत्या. लोहानं न हटणारा तो आजार यीस्टच्या अर्कानं सुधारला, आणि त्या धाग्यावरून पुढे फोलिक आम्ल सापडलं. आज शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव, गडचिरोली-नंदुरबारकडे सिकल सेल, शिवाय थॅलेसिमियाचे वाहक, अशी कितीतरी कारणं लोहाच्या नावाखाली दडतात. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांनी लोहाचं शोषण घटतं, तेही कुणी विचारत नाही.

तोंडावाटे काहीच चाललं नाही तर शिरेतून लोह देता येतं. त्याला लोक घाबरतात, ती भीती अगदीच निराधार नाही : क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ते दवाखान्यात, देखरेखीखालीच द्यावं, गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टाळावं, आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोजनं काहींच्या रक्तातलं फॉस्फेट घटून उलट नवा अशक्तपणा येऊ शकतो, याची आधी कल्पना द्यावी. तरीही महिनोन्‌महिने गोळीशी झुंजण्यापेक्षा अनेकींसाठी हाच मार्ग सरळ आहे. उपचार कोणताही असो, ताकद परतायला काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत पाणी भरणं, दळण आणणं, पहाटेचे डबे, ही कामं घरात दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढली पाहिजेत, आणि ‘व्यायाम कर, बरं वाटेल’ हा सल्ला हिमोग्लोबिन सावरेपर्यंत थांबला पाहिजे. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा मोजावं. गोळ्या नीट घेऊनही ते हललं नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी रक्तस्राव, शोषण आणि बी-१२ यांची तपासणी करावी.