रोगनिदानात रासायनिक विकृतिशास्त्रज्ञाचे स्थान

(पळस्पे येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



पळस्पे फाट्याची ओळख आपणांस करून द्यावयास नको. मुंबईकडून आलेली वाहतूक येथे दुभंगते. एक रस्ता घाट चढून पुण्याला जातो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याकडे वळतो. उरणकडील बंदरातून निघालेले कंटेनरचे ट्रकही येथेच येऊन मिळतात. अशा या फाट्यावर एखाद्या पहाटे रस्त्याच्या कडेला ट्रक उभा आहे, चालक घामाने निथळतो आहे, त्याचे बोलणे अडखळते आहे आणि विचारलेल्या प्रश्नाला तो भलतेच उत्तर देतो आहे, असे समजा. जमलेल्या मंडळींचा निर्णय बहुधा एका शब्दात होतो : प्यायला आहे. मग त्याला झोपू द्यावे असे ठरते. पण हाच मनुष्य मधुमेहाचा रुग्ण असेल, रात्री गोळी घेऊन जेवण चुकले असेल आणि त्याच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली गेली असेल, तर ही झोप त्याच्या जिवावर बेतू शकते. शुद्धीवर असल्यास साखरेचे पाणी द्यावे, शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे, एवढे प्रत्येकास ठाऊक असावयास हवे.

रुग्णालयात बोटाच्या टोकावरील थेंबाने साखर कमी असल्याचे मिनिटभरात कळते. शिरेतून ग्लुकोज दिले जाते, रुग्ण उठून बसतो आणि गाडीकडे जायचे म्हणतो. येथेच डॉक्टरांना प्रयोगशाळेचे खरे साहाय्य लागते. साखर उतरली, हे समजले; ती का उतरली, हे समजलेले नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले, तर मूत्रपिंडांचे कार्य मंदावले आहे असा अर्थ होतो. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइडसारख्या काही गोळ्यांचा बराचसा निचरा मूत्रपिंडांवाटे होतो. तो झाला नाही, तर औषध शरीरात साठत जाते आणि दिलेले ग्लुकोज संपताच साखर पुन्हा खाली येते. अशा रुग्णास घरी न सोडता देखरेखीखाली ठेवावे लागते आणि त्याची गोळी बदलावी लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ही शंका डॉक्टरांच्या कानावर घालणारा जो तज्ज्ञ, तो रासायनिक विकृतिशास्त्रज्ञ होय. रुग्णाने त्याला पाहिलेले नसते, आणि पुष्कळदा त्यानेही रुग्णाला पाहिलेले नसते. आपल्याकडे हे काम जीवरसायनशास्त्र किंवा विकृतिशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर वैद्यक पदवी घेतलेले डॉक्टर करतात.

या शास्त्राची मुळे जुनी आहेत. मधुमेह्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे निरीक्षण आपल्या आयुर्वेदाने फार पूर्वी नोंदविले. पुढे निळ्या द्रावणात मूत्राचे थेंब टाकून ते उकळण्याची बेनेडिक्टची परीक्षा आली. द्रावण हिरवे, पिवळे, विटकरी होई आणि रंगावरून साखरेचा अंदाज बांधला जाई. जुन्या शिक्षकांना ती आठवत असेल. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. औषध अशुद्ध होते. जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने ते शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात दिलेल्या पुढील इंजेक्शनांनी मुलाची साखर उतरली. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची फिस्क व सुब्बाराव यांची १९२५ ची पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वीकारली. त्यातील यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपले आंध्रचे. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमलाबाई सोहोनी याच जीवरसायनशास्त्राच्या, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले, हे शाळेतील मुलींना अवश्य सांगावे.

आज यंत्रे तासाभरात शेकडो नमुने तपासतात. त्यामुळे यंत्राने छापलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, अशी समजूत वाढली आहे. ती घातक आहे. काचनळीतील रक्त हे काही काळ जिवंत असते. त्यातील पेशी साखर खात राहतात आणि साध्या तापमानात दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर घटते. सकाळी आठला घेतलेले रक्त उन्हाळ्यात डब्यात पडून दुपारी दोनला प्रयोगशाळेत पोहोचले, तर वाढलेली साखरही ठीक दिसू शकेल आणि मधुमेही मनुष्य निरोगी ठरून घरी परतेल. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी असते. तिच्यातील फ्लोराइडमुळे या घटीला बराच आळा बसतो. पोटॅशियमचे याच्या उलट होते. रक्त जोराने ओढले, नळी हिसडली किंवा नमुना फार वेळ ठेवला, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि हृदय बंद पडावे इतका मोठा आकडा दिसतो. रुग्ण मात्र खाटेवर चहा घेत असतो. रक्तद्रवाचा लालसर रंग पाहून हा आकडा खोटा असावा असे ओळखणे आणि नमुना पुन्हा मागविणे, हे त्या तज्ज्ञाचे काम. उलट आकडा खरा असेल, तर छापील अहवालाची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना दूरध्वनी करणे, हेही त्याचेच काम. ज्या प्रयोगशाळेतून असा दूरध्वनी कधीच येत नाही, तिच्याविषयी थोडी शंका बाळगण्यास हरकत नाही.

चांगली प्रयोगशाळा स्वतःचीही परीक्षा घेते. ज्याची मात्रा आधीच ठाऊक आहे असा नमुना रोज यंत्रात घालून पाहिला जातो. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेकडून आलेले अज्ञात नमुने तपासून उत्तरे पाठवावी लागतात, आणि इतर प्रयोगशाळांच्या तुलनेत आपण कोठे आहोत हे कळते.

आकडा बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. ज्या आकड्याने धडधाकट तरुणाची चिंता वाटत नाही, तोच आकडा सत्तरीच्या कृश आजीबाईंच्या बाबतीत मूत्रपिंडे निम्म्याने थकल्याची खूण असू शकतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणी सिकलसेलसारख्या रक्तदोषात किंवा नुकतेच रक्त दिलेल्या रुग्णात फसविते. म्हणून वय, चालू औषधे व आजाराची हकीकत अर्जावर लिहिणे आवश्यक असते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहिलेल्या मजुराला ताप आला आणि डोळे पिवळे झाले, तर अर्जावर नुसते ‘कावीळ’ न लिहिता ‘शेतात चिखलात काम’ हेही लिहावे. मग बिलिरुबिनबरोबर क्रिएटिनिनही पाहिले जाते आणि लेप्टोस्पायरोसिसचा संशय वेळेत येतो. या रोगात यकृताइतकीच मूत्रपिंडेही धोक्यात असतात.

एका बाबतीत मात्र विलंब मुळीच परवडत नाही. दर हजार-दीड हजार नवजात बालकांमागे साधारण एकाची अवटू ग्रंथी जन्मतःच अपुरे काम करते. बाळ दिसण्यात निरोगी असते, थोडे अधिक झोपते, कमी रडते. घरची मंडळी ‘गुणी बाळ’ म्हणून कौतुक करतात. पहिल्या काही आठवड्यांत उपचार मिळाला नाही, तर बुद्धीची वाढ खुंटते आणि ती हानी पुढे भरून येत नाही. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब विशिष्ट कागदावर वाळवून पाठविले की हा दोष कळतो. उपचार म्हणजे रोज एक स्वस्त गोळी. असे मूल इतर मुलांबरोबर शाळेत बसते. शाळेत ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसविलेल्या मुलांपैकी एखाद्याचा हा थेंब कोणी तपासलाच नसेल.

पंचायत सदस्यांस करता येण्याजोगे काम साधे आहे. तपासणी शिबिर भरविताना उपाशीपोटी येण्याची सूचना आदल्या दिवशी वाडीवस्तीपर्यंत पोहोचवावी. नमुने नेणारे वाहन किती वाजता निघणार, हे आधी विचारावे आणि रक्त त्याच्या थोडे आधी घेतले जाईल असे पाहावे. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या रस्त्यावर अडकलेल्या गाडीत नमुन्याचे काय होत असेल, हे आता सांगावयास नको. आणि अर्जावर ‘रक्त घेतल्याची वेळ’ अशी एक ओळ असते. ती बहुतेक वेळा कोरी राहते.