पडद्यावर न आलेला जप



ज्युबिलीनिमित्त आपल्या घरोघरच्या भक्तीचा माहितीपट करावा असें ठरलें, तेव्हां आम्हांस अंबाजोगाईची पासोडी आठवली. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) आपलें ‘पंचीकरण’ सुमारें ४० फूट लांब कापडावर लिहिलें. मनींचा भाव टिकविण्यास साधन शोधणें ह्या मातीस नवें नाहीं.

ऊसतोडीस निघतांना कोयत्यावर शिंपडलेलें पवित्र पाणी, कोपींत टांगलेली जपमाळ, भाकरीपूर्वींची क्रुसाची खूण, हें सारें कॅमेऱ्यानें टिपलें. परंतु एक वृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, पोरगं गेलं त्या वर्षी ओठ जप करायचे, मन नाही. ते कसं दाखवाल?”

उत्तर आम्हांजवळ नव्हतें. आम्हीं कॅमेरा बंद करविला. चित्रांत त्यांचे हात तेवढे दिसतील. शब्द त्यांच्याच संमतीनें आज येथें सांगितले.