जुन्या एमजीला नवे शॉकॲब्सॉर्बर



नोकरीनिमित्त मी इंग्लंडला गेलो आणि तिथलाच झालो. निवृत्तीनंतर तिथले लोक गुलाब लावतात, मी 1971 सालची एमजीबी सांभाळतो. दोन माणसांची, उघड्या टपाची ही छोटी स्पोर्ट्स कार. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबीच्या सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. खरं तर नको तितके मिळतात. साधी पुढची स्प्रिंग मागवायची म्हटलं, तरी मूळ मापाची, कडक, जास्त कडक, बुटकी, शर्यतीची असे नाना प्रकार समोर येतात.

आमच्या गाडीचं मागचं अंग बसलं होतं. खड्डा लागला की गाडी आपटायची आणि नंतर दोनतीनदा डुलायची. माझ्या पत्नीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. एके दिवशी घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, एकतर ही नीट करून घ्या, नाहीतर यापुढे तुम्ही एकटेच जात जा." एकट्यानं हिंडण्यासाठी मी ही गाडी ठेवलेली नाही. तेव्हा निवड विचारपूर्वक करणं भाग होतं.

मुळात दोन कामं वेगळी आहेत. स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती परतही करते, म्हणून गाडी झोपाळ्यासारखी हलत राहते. ते हलणं थांबवतो शॉकॲब्सॉर्बर. त्यातलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होऊन ती हवेत जाते. तो निकामी झाला, की चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग?

आता कडक स्प्रिंगचा मोह पाहा. गोल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. तार दहा टक्के जाड केली, तर स्प्रिंग जवळजवळ 46 टक्के कडक होते. डोळ्यांना फरक दिसतही नाही, पाठीला मात्र नक्की कळतो. काही जण गाडी खाली आणायला स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाकतात. आठ कामाच्या वेटोळ्यांतलं एक गेलं, तर गाडी खाली येतेच, पण स्प्रिंगही 14 टक्के कडक होते आणि चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. म्हणजे धक्का मोठा आणि तो झेलायची जागा लहान. शिवाय कडक स्प्रिंगला आवरायला तितकाच ताकदीचा शॉकॲब्सॉर्बर लागतो. जुन्या, थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर गाडी आधीपेक्षा जास्त नाचते. म्हणून मी ही जोडी एकत्रच निवडतो, आधी स्प्रिंग आणि मग तिला साजेसा शॉकॲब्सॉर्बर.

खरेदीच्या आधी मी मोजमापं घेतली. जमिनीपासून नव्हे, तर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं, तर टायरमधली हवा हिशेबात घुसते. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. मागचे पाटे मात्र दोन्हीकडे बसलेले होते, उजवा जरा अधिक. इंग्लंडात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि आमचा ड्रायव्हर काही हलका नाही!

एमजीबीचे शॉकॲब्सॉर्बर हल्लीच्या गाड्यांसारखे नळीचे नसतात. चॅसीला पक्की केलेली एक ओतीव पेटी, आत तेल आणि दट्ट्ये, बाहेर एक दांडा. चाक वरखाली झालं की दांडा हलतो आणि दट्ट्या तेल दाबतो. पुढच्या बाजूला गंमत अशी, की हा दांडाच चाक धरून ठेवणारी वरची भुजा असतो. म्हणजे त्याचा आस झिजला, तर नुसती गाडी डुलत नाही, चाकाचा कलही बदलत राहतो आणि स्टिअरिंगचा भरवसा जातो. गाडीचं नाक दाबून सोडून पाहणं हा तपास इथे पुरत नाही. चाक उचलून, दांड्याच्या आसाला खेळ आहे का, ते हातानं बघावं लागतं.

एका वर्कशॉपनं सल्ला दिला, की ही जुनी पेटी काढा आणि चारी बाजूंना नळीचे बसवा. मागच्या बाजूला ही सोय चांगली चालते, हे मी मित्रांच्या गाड्यांत बसून अनुभवलं आहे. तिथे फक्त जास्तीचे ब्रॅकेट लागतात. पुढे मात्र वरच्या भुजेचं काम कुणीतरी करायलाच हवं. म्हणून काही किटमध्ये जुनी पेटी नुसती भुजा म्हणून ठेवून शेजारी नवी नळी लावतात. मला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. जोरात शर्यती करणाऱ्यांचं गणित वेगळं, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. आमची धाव म्हणजे अरुंद, उंचसखल गावरस्त्यांवरून दुपारच्या चहापर्यंत.

आणखी एक बाब. ब्रिटनमध्ये 20 मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडीत मोठे बदल केलेले नसावेत अशी अट आहे. सस्पेन्शनचा प्रकार बदलणं त्यात मोडू शकतं. मी तरीही दरवर्षी तपासणी करून घेतो, पण निवड करताना ही अट ध्यानात ठेवलेली बरी.

तेव्हा आम्ही ठरवलं ते असं. पुढच्या स्प्रिंगा आहेत त्याच, मागे मूळ मापाच्या पाट्यांची नवी जोडी, आणि चारही शॉकॲब्सॉर्बर जुने देऊन दुरुस्त केलेले घ्यायचे. इथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण नुसता रंग मारून तेल भरलेलेही विकले जातात. पेटी उभी धरून दांडा पाचसहा वेळा पूर्ण हलवायचा, म्हणजे हवा निघून जाते. मग दोन्ही दिशांना अखंड विरोध जाणवला पाहिजे. दिशा बदलताना क्षणभर दांडा मोकळा हलला, तर आत काहीतरी गडबड आहे. आसाशी तेलाचा ओलावा दिसला, तर तो परत करावा. नवं तेल घालून गळती थांबत नाही.

1974 च्या अखेरीपासून आलेल्या, काळ्या रबरी बंपरच्या एमजीबीवाल्यांना मात्र माझा सल्ला थोडा वेगळा आहे. अमेरिकी नियमांसाठी कारखान्यानं ती गाडी इंच-दीड इंच उंच केली होती. त्यांनी ती थोडी खाली आणली, तर ती आपल्या मूळ उंचीकडेच परत जाते.

पुढची स्प्रिंग कधी काढावी लागलीच, तर ती भारित असते हे विसरू नका. निसटली तर हाड मोडेल. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं. मागचे पाटे त्या मानानं सोपे. फक्त त्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीचा भार पाट्यांवर येऊ द्यायचा आणि मग आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नवे पाटे सुरुवातीला गाडी जरा उंच धरतात. आमच्या गाडीचं मागचं अंग पहिल्या आठवड्यात मांजरानं पाठ उंचवावी तसं दिसत होतं. काहीशे मैल झाल्यावर ते खाली बसलं. मग आम्ही दोघांनी टेप धरून पुन्हा मोजलं. उजवी-डावी बाजू सारखी निघाली, आणि यू-बोल्टचे नट मी आणखी एकदा आवळून घेतले.