समुद्राखालचे कुरण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काही उपयुक्त विषय घ्यावा, अशी चिटणीसबाईंची सूचना होती. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी तसा वाटणार नाही. समुद्राच्या तळाशी गवत उगवते, आणि समुद्राचे पाणी तापू लागल्यामुळे ते गवत संकटात आले आहे, याविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. परंतु जिला दरमहा घरचा जमाखर्च जुळवावा लागतो, तिला हा विषय मुळीच जड जाणार नाही. कारण या गवताचे दुखणे हे शेवटी जमाखर्चाचेच दुखणे आहे.

समुद्री गवत म्हटले की आपल्याला शेवाळ आठवते. पण शेवाळाला खरी मुळे नसतात, फुले नसतात. या गवताला मुळे आहेत, वाळूखालून सरकणारे खोड आहे, आणि नवल असे की पाण्याच्या आतच त्याला फुले येतात व पाण्यातूनच पराग वाहून बी धरते. अंगणातली हरळी पेरापेराला मुळे धरीत पसरते, तशीच याची पसरण्याची रीत. मात्र नावाने गवत असले तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी ते हरळीपेक्षा आपल्या अळवाला जवळचे आहे. जगात त्याच्या सुमारे ७० जाती आहेत. आपल्या देशात पाल्कचा उपसागर, मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान व कच्छचे आखात येथे त्याची कुरणे आहेत. आपल्या कोकणात मात्र त्याची एखादी बारीक जात खाडीच्या चिखलात कोठे कोठे आढळते, एवढेच.

आज मी जेथली हकीकत सांगणार आहे ती जागा पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. तिचे नाव शार्क बे. हा एक मोठा उथळ उपसागर असून तेथे या गवताच्या बारा जाती नांदतात आणि हजारो चौरस किलोमीटर तळ त्यांनी झाकलेला आहे. त्यांतील एका जातीचे एकच झाड मुळे पसरीत पसरीत १८० किलोमीटर लांब गेले आहे, असे २०२२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे साधारण मुंबई ते नाशिक एवढ्या अंतरात एकाच झाडाचा विस्तार! त्याचे वय निदान ४,५०० वर्षे असावे असा त्यांचा अंदाज आहे. या कुरणांवर डुगाँग नावाचा प्राणी चरतो. त्याला समुद्रातली गाय म्हणतात, आणि ही गाय दिवसाला ३०-४० किलो गवत खाते. शार्क बेमध्ये असे डुगाँग हजारोंनी आहेत. कासवे तेथेच चरतात, आणि लहान माशांना व कोळंबीला लपावयास जागाही तेथेच मिळते.

आता जमाखर्चाकडे वळू. गवताची मिळकत म्हणजे सूर्यप्रकाश. त्याच्या बळावर दिवसा ते आपले अन्न तयार करते. त्याचा खर्च म्हणजे श्वसन, आणि तो रात्रंदिवस चालू असतो. उरलेली शिल्लक ते वाळूखालच्या खोडात साठवून ठेवते. पाणी जसजसे तापते तसतसा श्वसनाचा खर्च वाढत जातो. मिळकतही थोडी वाढते, पण एका मर्यादेनंतर ती थांबते आणि घटू लागते. खर्च मात्र चढतच राहतो. मग पुंजी मोडून खाण्याची वेळ येते. त्यातच मुळे ज्या चिखलात असतात तेथे सडक्या अंड्यासारखा वास येणारा एक विषारी वायू असतो. गवत धडधाकट असते तेव्हा पानांतून मुळांकडे प्राणवायू पाठवून ते या विषाला दूर ठेवते. अशक्त झाले की तेही जमत नाही. सारांश, नुसती उष्णता मारते असे नव्हे. वाढलेला खर्च भागवता न आल्याने गवत मरते.

शार्क बेमध्ये हेच घडले. २०१० च्या अखेरीस व २०११ च्या आरंभी, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, उत्तरेकडून येणारा उष्ण पाण्याचा प्रवाह नेहमीपेक्षा जोरात वाहू लागला. पाणी नेहमीपेक्षा दोन ते चार अंशांनी तापले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. दोन-चार अंश म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटेल. पण अंगात दोन अंश ताप दोन महिने राहिला तर माणसाची काय दशा होईल, याचा विचार करावा. त्याच उन्हाळ्यात तेथील नद्यांना पूर आले. गढूळ पाण्यामुळे तळापर्यंत उजेड पोहोचेना. इकडे खर्च वाढलेला आणि तिकडे मिळकत बुडालेली, अशा कात्रीत गवत सापडले. एक-तृतीयांशाहून अधिक कुरणांना त्याची झळ लागली. सर्वांत जास्त हानी झाली ती थंड पाण्यात रमणाऱ्या जातीची. शार्क बे हे तिच्या वस्तीचे उत्तरेकडचे, म्हणजे उष्ण बाजूचे टोक आहे.

त्यानंतरच्या काळात कासवे रोडावलेली आढळली आणि डॉल्फिन माद्यांना पिले कमी होऊ लागली. तापलेल्या पाण्याचा मार खेकड्यांना व स्कॅलॉप जातीच्या शिंपल्यांनाही बसला होता. त्यांची मासेमारी २०१२ साली बंद ठेवावी लागली, ती पुढे हळूहळू सुरू झाली. आणखी एक नुकसान डोळ्यांना न दिसणारे. हे गवत शेकडो वर्षे आपल्या मुळांखाली कार्बन गाडून ठेवते. कुरण गेले की ती ठेव उघडी पडते. पुढील तीन वर्षांत तेथून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या वायूमुळे समुद्र तापतो, त्यातच ही भर पडली.

कोणी म्हणेल, एक गवत गेले तर दुसरे येईल. तसे येतेही. शार्क बेच्या काही भागांत उष्ण पाण्यात वाढणारी एक बारीक पानांची जात वाढू लागली. पाणी तापले की थंड पाण्याच्या जाती एका बाजूने मागे हटतात आणि उष्ण पाण्याच्या पुढे सरकतात, असा गवताच्या वस्तीचा नकाशाच बदलत जातो. पण जुन्या दाट गवताने जेवढी सावली, जेवढा आडोसा दिला आणि वाळू जशी धरून ठेवली, तशी नव्या विरळ गवताकडून होत नाही. एकत्र कुटुंबाचा वाडा पडून तेथे राहुट्या उभ्या राहाव्यात, तसे ते होते. आणि जुन्या गवताने दक्षिणेला बिऱ्हाड हलवावे म्हटले, तर पेरापेराने सरकणाऱ्याला तापणाऱ्या पाण्याचा वेग कसा गाठता येणार?

मग उपाय काय? तेथील मालगाना आदिवासी समाजाचे रक्षक व विद्यापीठाचे शास्त्रज्ञ मिळून जे काम करीत आहेत, ते ऐकून आपल्याला कौतुक वाटेल. जे गवत सर्वांत जास्त मेले, त्याची रीत अशी की रोप आईच्या अंगावरच वाढते आणि सुटताना त्याला आकड्यांचा एक फणीसारखा पुंजका असतो. कशाला तरी अडकले तरच ते रुजते. म्हणून गोणपाटाच्या लांब पिशव्यांत वाळू भरून त्या तळाशी ठेवतात. वाहत आलेली रोपे गोणपाटाला अडकतात आणि तेथेच मूळ धरतात. कालांतराने गोणपाट कुजून जाते.

दुसरी हकीकत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची. तेथील समुद्रकाठच्या खाड्यांतले गवत १९३० नंतरच्या काही वर्षांत रोगाने व १९३३ च्या वादळाने साफ गेले होते. या शतकाच्या आरंभापासून शास्त्रज्ञ व स्वयंसेवक यांनी तेथे सात कोटींहून अधिक बिया पेरल्या, आणि २०२० पर्यंत सुमारे ९,००० एकरांवर कुरण उभे राहिले. त्याच राज्याला लागून चेसापीक नावाचा उपसागर आहे. तेथे तेच गवत २००५ व २०१० च्या कडक उन्हाळ्यांत मोठ्या प्रमाणावर मेले. गवत तेच, प्रदेश तोच. मग फरक कशाने पडला? खाड्यांचे पाणी स्वच्छ आहे आणि भरतीबरोबर त्यांत बाहेरचे थंड पाणी येते. चेसापीकचे पाणी शेतांतली माती, खते व शहरांचे सांडपाणी यांनी गढूळ झालेले.

यातून मला उमगलेली गोष्ट एवढीच. पृथ्वीवर अडकून पडलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रानेच पोटात घेतली आहे. ती कमी करावयाची तर कोळसा व तेल जाळणे कमी झाले पाहिजे. त्याला सर्व जगाने हात लावला पाहिजे, आणि त्याला वेळ लागेल. परंतु पाणी स्वच्छ ठेवणे हे प्रत्येक किनाऱ्याच्या हातात आजच आहे. गवताचा खर्च आपण वाढवून ठेवलाच आहे. निदान त्याची मिळकत तरी बुडवू नये. आपल्याकडे तमिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र राखून ठेवले. पण तेथे येणारे पाणीही स्वच्छ असले, तरच गवत टिकेल, आणि गवत टिकले तर गाय टिकेल.

आपल्या गावचे सांडपाणीही नाल्यातून नदीला आणि नदीतून खाडीला जाते. मंडळाच्या सभेत नाल्याचा विषय निघाला म्हणजे तो नगरपालिकेचा प्रश्न म्हणून आपण सोडून देतो. यापुढे तो सोडू नये, एवढीच विनंती.