तणनाशकाची कसोटी कोणी घ्यावयाची?



उसाच्या जिल्ह्यात भाजीपाल्याच्या तणाविषयी बोलणे काहींना गौण वाटेल. कोल्हापूरचे राजकारण, सहकार आणि आंदोलने उसाभोवतीच फिरत आली आहेत. परंतु ज्याच्यापाशी वीस-तीस गुंठे रान आहे, त्याचा संसार उसाच्या वार्षिक बिलावर चालत नाही. तो वांगी, कोबी, मिरची, भेंडी यांच्या आठवड्याच्या पट्टीवर चालतो. या पिकांत तण हा खरा वाटेकरी असतो. कांद्याची पात अरुंद. ती जमिनीवर सावली धरीत नाही. म्हणून लावणीनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे कांद्याचे रान मोकळे राहिले नाही, तर गड्डा पोसत नाही. भांगलणीला बाया मिळाल्या नाहीत, किंवा मजुरी परवडली नाही, की शेतकरी दुकानाची वाट धरतो. तणनाशक आज असे गरजेपोटी वाफ्यात आले आहे. त्याला नुसती शिवी देऊन किंवा नुसती आरती ओवाळून प्रश्न सुटणारा नाही.

तणनाशकाची शास्त्रीय चाचणी कशी होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एका रानाचे सारखे वाफे पाडतात. काही वाफ्यांत औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा देतात, एका वाफ्यात तण तसेच वाढू देतात, तर एक वाफा हाताने भांगलून स्वच्छ ठेवतात. हाच क्रम तीन-चार वेळा, जागा बदलून, मांडतात. मग चौकट टाकून तण मोजावयाचे, उपटून वाळवून वजन घ्यावयाचे, पिकाला झालेली इजा गुणांकनाने नोंदवावयाची आणि शेवटी उत्पन्न तोलावयाचे. एका हंगामावर निष्कर्ष काढावयाचा नाही. ही रीत चांगली आहे. देशात तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७८ मध्ये सुरू झाला आणि जबलपूरला तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र १९८९ मध्ये उभे राहिले. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय तर १९६३ पासूनचे आहे. म्हणजे ज्ञान नाही, अशी स्थिती नाही. प्रश्न असा की, चाचणीत काय मोजले जाते आणि काय मोजावयाचे राहून जाते.

पहिली गोष्ट शेजारच्या रानाची. ऊस हा गवताच्या कुळातला. त्यामुळे रुंद पानांचे तण मारणारे २,४-डी उसाला सोसते. परंतु तेच औषध वाऱ्याने उडून टोमॅटो, भेंडी, घेवडा किंवा द्राक्षवेलीवर गेले की पाने आखडतात, शेंडा वाकतो, फुले गळतात. फवारणी करणारा एकरवाला आणि नुकसान सोसणारा गुंठेवाला असा हा व्यवहार आहे. चाचणीच्या वाफ्यात शेजारी नसतो. गावात तो असतोच. शिवाय ज्या पंपाने काल २,४-डी मारले, तोच नीट न धुता आज भाजीवर कीटकनाशकासाठी वापरला, तर घरचेच पीक घरच्याच हाताने जाते.

दुसरी गोष्ट पुढच्या पिकाची. उसात आणि मक्यात वापरले जाणारे अ‍ॅट्राझीन जमिनीत बराच काळ टिकून राहते. त्या रानात पाठोपाठ काकडी किंवा घेवडा केला तर तो पिवळा पडू शकतो. जमीन हलकी की भारी, सेंद्रिय द्रव्य किती, पाऊस किती, यांवर हे सारे ठरते. पंचगंगेच्या मळीच्या रानातील मात्रा माळाच्या मुरमाड जमिनीला जशीच्या तशी लावता येत नाही. त्यातून २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारखे पूर नवा गाळ आणि तणांचे नवे बी आणून टाकतात.

तिसरी गोष्ट आंतरपिकाची. लहान शेतकरी उसाच्या सरीत कोबी, कांदा, मिरची घेतो, कारण ऊस हाती येईपर्यंत घर चालले पाहिजे. उसासाठीची अनेक तणनाशके या आंतरपिकालाच मारतात. म्हणजे औषधाची शिफारस नकळत सलग उसाची, पर्यायाने मोठ्या जमिनीची, बाजू घेते.

आता फवारणाऱ्याच्या देहाचा हिशेब. १९६८ चा कीटकनाशक कायदा तणनाशकांनाही लागू करण्यात आला. औषधाची नोंदणी ठराविक पिकासाठी होते. कांद्याला मान्य असलेले औषध प्रत्येक भाजीला मान्य नसते. ही अक्षरे डब्यावर इतकी बारीक असतात की शेतकरी ती वाचीत नाही. तो दुकानदाराला विचारतो. पॅराक्वाटवर उतारा नाही. युरोपीय संघात त्याची परवानगी २००७ मध्ये रद्द झाली. ग्लायफोसेट हे ‘बहुधा कर्कजन्य’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले. अन्य नियामकांनी वेगळे मत दिले. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे दगावली. ती कीटकनाशके होती हे खरे. परंतु उघड्या अंगाने, सल्ल्यावाचून पंप पाठीवर घेणारा माणूस तोच आहे.

आणि सर्वांत शेवटी जिचा विचार होतो, ती भांगलणारी बाई. चाचणीच्या तक्त्यात ती ‘भांगलणीचा खर्च’ या रकान्यात असते आणि तो रकाना कमी झाला की तणनाशक फायदेशीर ठरते. वाचलेला रुपया कोणाच्या खिशात गेला, हा प्रश्न तक्ता विचारीत नाही. भूमिहीन घराला भांगलणीची मजुरी हा आधार आहे आणि बांधावरून ओट्यात खुडून आणलेली घोळ, तांदुळजा ही फुकटची भाजी आहे. औषधाने दोन्ही एकदम जातात.

तथापि भांगलणीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. दिवसभर वाकून खुरपे चालविणे ही कंबर मोडणारी मेहनत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेतमजुरांनी लढा देऊन आखूड दांड्याच्या कुदळीवर १९७५ मध्ये बंदी मिळविली. त्यांनी काम सोडले नाही. काम करण्याची रीत बदलून घेतली. येथेही उभ्याने चालविता येणारे हातकोळपे किंवा सायकल कोळपे चाचणीत तणनाशकाशेजारी का मांडू नये? उसाचे पाचट पेटवून देण्याऐवजी भाजीच्या सरीत अंथरले तर तण किती दबते, हे का मोजू नये? कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा पुरस्कार केला. त्यात तण तणनाशकाने मारून मुळे जागीच कुजू देण्याचा मार्ग आहे. या मार्गाशी मतभेद असू शकेल, परंतु तण हा केवळ शत्रू नव्हे, हे त्यातून शिकण्याजोगे आहे. उलट श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि औषधांवर एका फटक्यात बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. पर्याय तयार न करता घातलेली बंदी प्रथम गरिबालाच मारते.

तात्पर्य, कार्यकर्त्यांनी चार मागण्या घेऊन गावोगाव गेले पाहिजे. तणनाशकाच्या चाचण्या सार्वजनिक पैशाने, गुंठेवाल्यांच्या रानात, आंतरपिकासह व्हाव्यात. तिच्यात शेजारचे पीक, पुढचे पीक आणि फवारणाऱ्याची प्रकृती यांची नोंद व्हावी. कोळपे, पाचट आणि पैऱ्याची भांगलण यांना बरोबरीने वाफा मिळावा. आणि निकाल ग्रामसभेत, भांगलणाऱ्या स्त्रियांच्या समक्ष, मराठीत वाचून दाखविला जावा. वाफ्यातील तण किती मेले हे शास्त्रज्ञाने जरूर सांगावे. त्या वाफ्यावर कोण जगले आणि कोणाची चूल विझली, हे सांगण्याचा अधिकार मात्र त्या वाफ्यात राबणाऱ्यांचा आहे, आणि तो त्यांना मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे.